धूर, पिंप आणि किरण : डहाणू-तलासरीतल्या मुलांसाठी पर्यावरणाचा एक पाठ



आजचा पाठ एका प्रश्नातून तयार झाला आहे. १ फेब्रुवारी २०१९, शुक्रवार. दुपारचे दोन वाजून गेले होते. वर्गात गणित चालू होतं. आधी पत्रे वाजले, मग खालून कुणीतरी ढकलल्यासारखी जमीन हलली. मुलं दप्तरं तिथेच टाकून मैदानात पळाली. ४.१ क्षमतेचा तो धक्का होता. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत असे धक्के चालूच होते. धुंदलवाडीचं नाव तेव्हा रोज पेपरात यायचं. त्याच दिवशी घाबरून पळताना पडल्यामुळे दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. पुढे कितीतरी दिवस लोक रात्री घराबाहेर तंबूत झोपले आणि आम्ही झाडाखाली वर्ग भरवले.

त्या झाडाखाली आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, आपली शाळा हलली म्हणजे तारापूरपण हललं असेल ना? तिथून काही बाहेर आलं तर आपल्याला कसं कळणार?"

मी म्हणालो, "काही होत नाही, बस खाली." ती बसली. पण हे काही उत्तर नव्हतं, हे मलाही कळत होतं. तिला धीर नको होता, तिला माहिती हवी होती. ती द्यायला मला उशीर झाला. म्हणून हा पाठ.

प्रदूषण म्हणजे काय?

पुस्तकातली व्याख्या तुम्हाला पाठ आहे: हवा, पाणी, जमीन यांत घातक पदार्थ किंवा ऊर्जा मिसळून सजीवांना अपाय होणे म्हणजे प्रदूषण. परीक्षेत ती लिहा, मार्क मिळतील. पण आपल्या भागासाठी मी प्रदूषणाची आणखी एक वर्गवारी करतो.

१. डोळ्यांना दिसणारं: चिमणीचा धूर, राख.
२. लपवलं जाणारं: कारखान्यांचा घातक कचरा.
३. दिसतही नाही, वासही येत नाही असं: किरणोत्सर्ग.

पहिल्यापासून तिसऱ्याकडे जाताना एक गोष्ट बदलत जाते. धुराबद्दल शेतकरी स्वतः तक्रार करू शकतो, कारण त्याला तो दिसतो. कचऱ्यासाठी कागद बघावे लागतात. किरणांसाठी यंत्र लागतं. म्हणजे धोका जितका डोळ्यांआड, तितकी मोजणी आणि नोंद महत्त्वाची. आजच्या पाठातून एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

१. दिसणारा धूर : डहाणूच्या चिमणीची गोष्ट

डहाणू स्टेशनला उतरलं की चिकू, नारळ, खाडी, मासळी असं सगळं एकदम भेटतं. 'डहाणू घोलवड चिकू'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या हिरव्या पट्ट्याच्या शेजारी कोळशावर चालणारं औष्णिक वीज केंद्र आहे. २५० मेगावॉटचे दोन संच, एकूण ५०० मेगावॉट. १९९५-९६ च्या सुमारास ते सुरू झालं. वीज जाते मुंबईच्या उपनगरांत.

कोळशात गंधक असतं. कोळसा जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू हवेतल्या बाष्पाशी मिसळून आम्ल बनवतो. पानं करपतात, मोहोर गळतो, दमा असलेल्यांना त्रास होतो. म्हणून बागायतदार पहिल्यापासून काळजीत होते. केंद्र उभारू नये यासाठीची लढाई ते १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले.

पण त्याच वर्षी दुसरी एक मोठी गोष्ट झाली. २० जून १९९१ रोजी केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाने अधिसूचना काढून डहाणू तालुका 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील' जाहीर केला. तिच्यातले मुख्य मुद्दे असे:

* संपूर्ण तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन.
* उद्योगांचे प्रदूषणानुसार गट. सर्वांत घातक गटाला तालुक्यात बंदी.
* तालुक्याच्या सीमेभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा.

तलासरीच्या मुलांनी तिसरा मुद्दा परत वाचा. तुमचा तालुका डहाणूला लागून आहे, म्हणजे या पट्ट्याचा संबंध तुमच्याशीही आहे.

अधिसूचना निघाली, पण ती पाळली जाते का हे बघणारं कुणी नव्हतं. म्हणून प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'बिट्टू सहगल विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने सांगितलं, एक स्वतंत्र प्राधिकरण नेमा. डिसेंबर १९९६ मध्ये 'डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण' स्थापन झालं. त्याचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. २०१९ मध्ये निधन होईपर्यंत ते या कामाशी जोडलेले राहिले.

या प्राधिकरणाने दोन तत्त्वं अमलात आणायची होती. पहिलं, सावधगिरीचं तत्त्व: नुकसान पूर्ण सिद्ध होईपर्यंत वाट बघू नका, आधीच काळजी घ्या. दुसरं, 'प्रदूषण करेल तो भरेल': साफसफाईचा आणि भरपाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. दोन्ही तत्त्वं परीक्षेत हमखास येतात.

आता तारखांकडे नीट बघा. चिमणीतला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एफजीडी म्हणतात. यंत्रणा काही बसेना. २००५ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला ३०० कोटी रुपयांची बँक हमी द्यायला सांगितलं. यंत्रणा सुरू झाली २००७ मध्ये. आदेश ते अंमलबजावणी, आठ वर्षं! पहिलीत असलेलं मूल तोवर नववीत गेलं.

ही यंत्रणा कशी चालते? डहाणूच्या केंद्रात ती समुद्राच्या पाण्यावर चालते. धूर एका मनोऱ्यातून नेतात आणि त्यावर खारं पाणी सोडतात. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, त्यामुळे आम्लधर्मी वायू त्यात विरघळून उदासीन होतो. मग त्या पाण्यात हवा खेळवतात. गंधकाचं सल्फेट बनतं, जे समुद्रात मुळातच भरपूर असतं. आम्ल आणि अल्क यांचा धडा आठवा, तोच इथे मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

याच प्राधिकरणाची दुसरी बाजूही माहीत असू द्या. वाढवण बंदराचा प्रस्ताव त्याने १९९८ मध्ये नाकारला होता. २०२३ मध्ये, नव्या प्रस्तावाला, त्याने अटींसह परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. बंदर हवं की नको यावर तुमच्या घरातही दोन मतं असतील. पण परवानगी 'अटींसह' आहे, हा शब्द विसरू नका. एफजीडीसुद्धा एक अटच होती.

२. लपवला जाणारा कचरा

नकाशा काढा. तलासरीच्या उत्तरेला, गुजरात सीमेपलीकडे वापी. डहाणूच्या दक्षिणेला तारापूर औद्योगिक वसाहत, बोईसरजवळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण देतं. इथे जास्त गुण म्हणजे नापास! ७० च्या वर गेलं की 'अतिगंभीर प्रदूषित'. २००९ च्या यादीत वापी ८८.०९ गुणांनी देशात दुसरी होती. २०१८ च्या मोजणीत तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होतं. आपले दोन्ही तालुके या दोघांच्या मधोमध आहेत आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग दोघांना जोडत आपल्या दारातून जातो.

तारापूरचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं. त्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात कोण गेलं? अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची संघटना. जाळ्यात काय येतं आणि काय यायचं बंद झालं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

घातक कचरा म्हणजे काय? जो कचरा पेट घेतो, स्फोट पावतो, कातडी किंवा धातू जाळतो, दुसऱ्या पदार्थाशी जोरात अभिक्रिया करतो किंवा विषारी असतो, तो घातक कचरा. आपल्या देशात यासाठी १९८९ मध्ये पहिल्यांदा नियम झाले. त्याआधी, २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री, भोपाळची वायुदुर्घटना झाली होती. तिच्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायदा आला आणि हे नियम त्याच कायद्याखालचे. सध्या २०१६ चे नियम लागू आहेत. भोपाळच्या त्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला जाळण्यासाठी हलवला गेला जानेवारी २०२५ मध्ये. चाळीस वर्षांनी! म्हणून घातक कचरा जिथे तयार होतो तिथेच त्याचा हिशेब सुरू झाला पाहिजे.

हिशेब कसा ठेवतात? कारखान्याने असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. तो परवानाधारक केंद्राकडे पाठवायचा. आपल्या बाजूला असं मोठं केंद्र नवी मुंबईजवळ तळोज्याला आहे. पाठवताना सात रंगांच्या सात प्रती असलेली पाठवणीची पावती करायची, तिला मॅनिफेस्ट म्हणतात.

* पांढरी: पाठवणारा प्रदूषण नियंत्रण मंडळाला देतो.
* पिवळी: पाठवणाऱ्याकडे राहते.
* गुलाबी: कचरा घेणाऱ्याकडे राहते.
* नारिंगी: घेणारा वाहतूकदाराला देतो.
* हिरवी: घेणारा मंडळाला पाठवतो.
* निळी: घेणारा पाठवणाऱ्याला परत पाठवतो.
* करडी: कचरा दुसऱ्या राज्यातून आला असेल तर त्या राज्याच्या मंडळाला जाते.

करडी प्रत आपल्यासाठी खास महत्त्वाची, कारण आपण सीमेवर राहतो. निळी प्रत परत आली नाही तर समजावं, निघालेला माल पोचला नाही. मग तो गेला कुठे?

एका पावसाळ्यात मी एका पाड्यावर गेलो होतो. ओढ्याचं पाणी तांबूस झालं होतं आणि वर फेस. गुरं काठापर्यंत जायची आणि तोंड फिरवायची. रात्री टँकर थांबल्याचा आवाज ऐकल्याचं लोक सांगत होते. नंबर कुणी पाहिला नव्हता, तारीख कुणाला नक्की आठवत नव्हती, पाण्याचा नमुना कुणी घेतला नव्हता. दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला, ओढा वाहून गेला आणि त्याबरोबर पुरावाही. तेव्हापासून मी मुलांना सांगतो: असं काही दिसलं तर आधी तारीख, वेळ आणि जागा लिहा. पाण्याला हात लावू नका, लांबून फोटो काढा आणि मोठ्यांना घेऊन ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे जा. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

घरातलं निळं पिंप

घातक कचरा म्हटलं की आपल्याला वाटतं, तो कारखान्यात असतो. एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो तेव्हा ओट्यावर निळं प्लास्टिकचं पिंप होतं, पिण्याच्या पाण्याने भरलेलं. बाजारातून स्वस्तात घेतलेलं. त्यावरचं लेबल खरवडून काढलेलं होतं, पण कवटीच्या चित्राचा अर्धा भाग राहिला होता. त्याच्या आईने मला त्याच पिंपातलं पाणी तांब्यात दिलं. काय बोलावं ते मला क्षणभर सुचलं नाही. उन्हाळ्यात पाणी कोसावरून आणायचं असतं, साठवायला भांडं लागतं आणि नवीन टाकी महाग असते. चूक त्या माउलीची नव्हती.

रसायनाने माखलेली रिकामी पिंपं आणि डबे हे २०१६ च्या नियमांत घातक कचरा म्हणूनच नोंदलेले आहेत. ते परवानाधारकाकडे जाऊन शुद्ध व्हायला हवेत, आठवड्याच्या बाजारात नाही. प्लास्टिक रसायन शोषून घेतं आणि थोडं थोडं पाण्यात सोडत राहतं. राखेने घासून किंवा पाणी उकळून ते जात नाही. उकळल्याने जंतू मरतात, रसायन मरत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी अन्नपाण्यासाठीच बनवलेलं भांडं घ्या. जुनं पिंप असेल तर ते निदान पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी वापरू नका. चिकूच्या वाडीतल्या फवारणीच्या बाटल्या, ट्यूबलाइट, बॅटरीचे सेल, रंगाचे डबे हेसुद्धा घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. ते वेगळे ठेवायचे, चुलीत घालायचे नाहीत.

३. न दिसणारे किरण

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

तारापूर हे भारताचं पहिलं अणुवीज केंद्र. पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. ते अमेरिकी बनावटीचे. २०२० नंतर ते मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आले. तिसरा आणि चौथा संच भारतीय बनावटीचे, प्रत्येकी ५४० मेगावॉटचे, २००५-०६ मध्ये सुरू झाले. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना उठावं लागलं. मुंबईत दिवा लागतो तेव्हा या दोन गावांची नावंही आठवावीत.

अणुभट्टीत युरेनियमचे अणू फुटतात, उष्णता तयार होते, वाफ होते, वाफेवर जनित्र फिरतं. कोळशासारखा धूर नाही, ही मोठी जमेची बाजू. पण फुटलेल्या अणूंचे तुकडे किरणोत्सर्गी असतात. आयोडीन-१३१ चं प्रमाण दर ८ दिवसांनी निम्मं होतं, सीझियम-१३७ चं ३० वर्षांनी, प्लुटोनियम-२३९ चं सुमारे २४,१०० वर्षांनी. यालाच अर्धायुकाल म्हणतात. सर्वांत तीव्र द्रव कचरा खास काचेत वितळवून, पोलादी डब्यांत बंद करून, थंड करत ठेवतात. हे काम तारापूरला होतं. विरघळलेलं मीठ वाहून जातं, काचेतला रंग जात नाही, तसं समजा.

भट्टी बंद केली की धोका संपला का? नाही. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात. भट्टी बंद केल्यावर लगेच मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता तयार होतच असते. पुढे ती कमी होत जाते, पण पाणी फिरवत राहावंच लागतं. ११ मार्च २०११ ला जपानच्या फुकुशिमात हेच झालं. ९.० क्षमतेच्या भूकंपानंतर चालू भट्ट्या आपोआप बंद पडल्या. नंतर आलेल्या त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडवली, पंप थांबले आणि 'निखारे' विझवायला पाणीच फिरेना.

मग आपल्या धक्क्यांचं काय? भूकंपाची क्षमता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. म्हणजे फुकुशिमाचा भूकंप आपल्या ४.१ च्या धक्क्यापेक्षा दोन कोटी पटींहून मोठा होता. आपले धक्के लहान, पण जमिनीखाली फार खोल नव्हते, म्हणून जवळच्या कुडाच्या आणि विटांच्या घरांना तडे गेले. तारापूर धुंदलवाडीपासून साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर आहे. अणुकेंद्राचं बांधकाम याहून कितीतरी मोठा धक्का गृहीत धरून केलेलं असतं. २००१ च्या भूजच्या मोठ्या भूकंपात गुजरातमधलं काकरापार अणुकेंद्र सुरक्षितपणे चालू राहिलं होतं.

म्हणून बाळा, तुझ्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर: हो, तारापूरपर्यंतही कंपनं पोचली असतील, पण अशा धक्क्याने भट्टीला धोका होणं फार अवघड. त्या दिवसांत जीव घेतला तो पळापळीने आणि कच्च्या भिंतींनी.

दुसरा भाग: कळणार कसं? डोळ्यांनी नाही कळणार. केंद्राजवळच्या प्रयोगशाळेत हवा, पाणी, गवत, दूध, मासे यांचे नमुने तपासतात. सामान्य माणसाला अशा केंद्रामुळे वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणमात्रा मिळता कामा नये, ही मर्यादा आहे. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. केंद्राभोवती १६ किलोमीटरचं आपत्कालीन नियोजन क्षेत्र असतं. चिंचणी, वरोर अशी आपल्या डहाणू तालुक्याची दक्षिणेकडची गावं त्यात येतात. प्रकल्पाबाहेरच्या आपत्कालीन व्यवस्थेची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात आणि त्याच्या रंगीत तालमीही होतात.

सूचना आली तर: घरात जा, दारं-खिडक्या बंद करा, पाणी आणि अन्न झाका, अधिकृत घोषणा ऐका. आयोडीनची गोळी सांगितल्याशिवाय घेऊ नका. मोबाइलवर आलेला निरोप पुढे ढकलू नका.

पण हे सगळं गावातल्या माणसाला माहीत हवं. तालीम झाली आणि पाड्यावरच्या आजीला कळलंच नाही, तर ती तालीम अर्धीच झाली. नमुन्यांचे आकडे कपाटात राहिले, तर मोजूनही आपली भीती तेवढीच राहते. ग्रामसभेत हे विचारण्याचा तुम्हाला आणि तुमच्या आईवडिलांना पूर्ण हक्क आहे.

थोडक्यात

डहाणूची चिमणी धुतली गेली, कारण काही माणसं आठ वर्षं कागद घेऊन मागे लागली. तांबूस ओढ्याचं काहीच झालं नाही, कारण कुणाकडे तारीखसुद्धा नव्हती. दोन्ही वेळेला कायदा होताच.

स्वाध्याय

१. सावधगिरीचं तत्त्व आणि 'प्रदूषण करेल तो भरेल' यांतला फरक डहाणूच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. मॅनिफेस्टची निळी प्रत परत आली नाही तर कोणते प्रश्न विचारायला हवेत?
३. कारण द्या: अणुभट्टी बंद केल्यावरही पाणी फिरवत ठेवावं लागतं.
४. आयोडीन-१३१ चं प्रमाण २४ दिवसांनी मूळच्या किती राहील?
५. उपक्रम: तुमच्या घरातली आणि शेजारच्या चार घरांतली पाणी साठवायची भांडी बघा. जुनी रसायनाची पिंपं किती आहेत, त्यांत कोणतं पाणी ठेवतात, ते वहीत लिहा. कुणाला बोलू नका, कुणाची चूक काढू नका, फक्त नोंद करा. सोमवारी सगळ्यांच्या नोंदी एकत्र करू आणि ग्रामपंचायतीला पत्र लिहू. मसुदा तुम्ही करायचा, शुद्धलेखन मी तपासेन.